गुडघ्यासाठी मिस्सा

चर्चमधली रविवारची साडेआठची मिस्सा संपली की तीन माणसं आमच्या ओट्यावर येऊन बसायची आणि माझ्या बहिणीची लायकी ठरवायची. त्यांना स्वतःला तसं वाटत नसे. त्यांच्या मते ते हॉकीवर बोलत होते.

बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. ती एका सरकारी खात्याच्या महिला हॉकी संघात राइट हाफ, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावावर, खेळायची आणि त्या खात्याच्या होस्टेलवर राहायची, वसईतल्या आमच्या वटार गावापासून एका रात्रीच्या प्रवासावर. नोकरी कायमची नव्हती. आधी तीन वर्षांचा करार, मग खेळ बघून दोन वर्षांची मुदतवाढ, आणि ती दोन वर्षं नीट गेली तर ऑफिसात कायमची जागा, अशी तिथली पद्धत. ताईची तीन वर्षं संपत आली होती. मुदतवाढ कोणाला द्यायची ते खात्याची समिती मोसमाच्या शेवटी ठरवणार होती. ताई सत्तावीस वर्षांची. बारावीनंतर कॉलेज सोडलेलं. हॉकीशिवाय तिने दुसरं काही केलेलंच नव्हतं. मुदतवाढ नाही मिळाली तर तिच्याकडे एक किटबॅग आणि प्लॅस्टिकच्या फोल्डरातली प्रमाणपत्रं एवढंच उरणार, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

तिच्या संघाचे सामने इंटरनेटवर दाखवत. ते मोबाइलवरून टीव्हीवर आणायला आमच्या आळीत मलाच जमायचं, म्हणून प्रेक्षक आमच्याकडे. टीव्ही बाहेरच्या खोलीत, दाराच्या बरोबर समोर. ओट्यावर बसूनही दिसायचा. रविवारी सामना नसला तर आठवड्यातला झालेला सामना मी पुन्हा लावून द्यायचे.

तिघांपैकी एक आमचे सर. शाळेत पीटी शिकवायचे, आता निवृत्त. भात कापून झालं की मोकळ्या शेतातली ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून ते मैदान तयार करायचे आणि गावातल्या मुलींना हॉकी शिकवायचे. ताईच्या हातात पहिली स्टिक त्यांनी दिली. माझ्याही दिली होती. मी ती दुसऱ्या दिवशी परत केली, कारण खेळताना ओरडून चेंडू मागावा लागतो.

दुसरे बँकवाले अंकल. तरुणपणी बँकेच्या संघातून खेळलेले. तिसरे आमचे शेजारी, केळीची वाडी असलेले, म्हणून वाडीवाले अंकल. ते आयुष्यात कधी हॉकी खेळले नाहीत आणि मत त्यांचंच सगळ्यात पक्कं.

घरी आणि ओट्यावर आम्ही आमची गावची बोली बोलतो. ती तशीच लिहिली तर बाहेरच्यांना अर्धीच कळेल, म्हणून इथे सरळ करून लिहिते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लिहायला मला अडत नाही. बोलायला मात्र कुठल्याच भाषेत जमत नाही. शाळेत दर वर्षी रिपोर्ट कार्डावर तेच वाक्य यायचं, की मुलगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही. आता माणिकपूरला नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात काम करते. तिथे दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं असतं. मला ते आवडतं.

तर रविवारी माझं काम चहा नेण्याचं. ट्रे घेऊन मी दाराशी उभी राहायचे आणि ऐकायचे.

“बघ, ही उभी,” वाडीवाले अंकल टीव्हीकडे हात करून म्हणायचे. “चेंडू गेला, समोरची मुलगी गेली, ही उभीच. रिक्षाची वाट बघितल्यासारखी.”

“रिक्षावाला पण नाही घेणार,” बँकवाले अंकल म्हणाले. “म्हणेल, बाय, तू बसेपर्यंत माझा गॅस संपेल. आमच्या वेळी हाफ म्हणजे दोन्ही टोकं धरायची.”

“तुमच्या वेळी चेंडू तरी होता का?”

“होता. मीच अडवायचो.”

“बँकेत लोकांचे चेक अडवायचात तसा.”

बँकवाले अंकल हसले, पण वाडीवाल्यांना हसायचं नव्हतं. त्यांना मुद्दा मांडायचा होता. “मला सांग, हिला अजून दोन वर्षं कशाला द्यायची? मी केळ ठेवतो ती घडासाठी. एकदा घड उतरवला की केळ कापतो आणि बाजूचा कोंब वाढू देतो. उभी ठेवून काय शोभा बघायची?”

“अरे, मुलगी आहे ती. केळ नाही,” बँकवाले अंकल म्हणाले.

“पगार खाते ना? मग हिशेब तोच. सगळ्या मोसमात गोल किती केले?”

“हाफला गोल विचारतोस? उद्या गोलकीपरला विचारशील.”

बाबा तिथेच खुर्चीत बसलेले असायचे. ते काही बोलत नसत. आपल्या मुलीबद्दल चारचौघांत चांगलं बोलायचं नाही, आणि ओट्यावर आलेल्या माणसाला उलट बोलायचं नाही, असं ते पाळत आले आहेत. ते खाली बघून विळ्याची मूठ आवळत बसायचे. ती मूठ सैल नव्हती. आई आतून सगळं ऐकायची. कप बशीत ठेवताना होणाऱ्या आवाजावरून मला कळायचं.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी त्या घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती.

ताई सुट्टी संपवून परत गेली त्यानंतर काही दिवसांनी तिचा फोन आला होता. ती इंग्रजीत बोलायला लागली. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायला लागलो की आईपासून काहीतरी लपवायचं असतं. मी फोन घेऊन मागे विहिरीकडे गेले. सरावात पळताना तिचा डावा गुडघा फिरला होता. कोणाला न सांगता ती शहरातल्या एका खाजगी डॉक्टरकडे जाऊन एमआरआय करून आली होती. गुडघ्यातली गादी फाटली होती. ऑपरेशन लागणार, आणि नंतर सहा महिने खेळ नाही.

“आता सांगितलं तर ते मला लिस्टमधून काढतील,” ती म्हणाली. “मुदतवाढीचं पत्र हातात आलं की सांगेन. मग ऑपरेशन, रजा, सगळं करारात बसतं. दोन महिने काढायचे आहेत.”

“खेळणार कशी?”

“गोळ्या घेऊन. कमी धावायचं. आधीच जाऊन उभं राहायचं. दिसायला वाईट दिसतं, पण चालतंय.” मग म्हणाली, “आईला नको. बाबांना नको. कोणालाच नको.”

मी हो म्हणाले. गुपित सांगायला माझ्याइतकी सुरक्षित जागा नाही, हे तिला माहीत होतं.

ती सगळीकडे कमी धावत होती, एक जागा सोडून. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाला की बचाव करणाऱ्या पाचजणी गोलपाशी उभ्या राहतात. समोरून एक मुलगी सगळ्या ताकदीने चेंडू गोलात भिरकावणार असते. त्या पाचांतली एक असते जिने चेंडू सुटायच्या आत थेट तिच्या अंगावर धावत जायचं. चेंडू स्टिकला लागला तर ठीक, नाही तर मांडीला, गुडघ्याला, कुठेही लागू द्यायचा. हे काम ताईचं होतं. ते कुठल्याही आकड्यात लिहिलं जात नाही. दर पेनल्टी कॉर्नरला ती तोंडावर जाळीचा मास्क चढवायची आणि पहिल्यासारखीच सुटायची. ते सोडलं असतं तर प्रशिक्षकाला त्याच दिवशी कळलं असतं. मी ट्रे घेऊन उभी असायचे आणि त्या पाच-सहा सेकंदांत चहा द्यायचा विसरायचे.

शेवटचे तीन सामने उरले असताना एका रविवारी तिचा संघ हरला. समोरच्या संघाचे दोन्ही गोल ताई सांभाळत असलेल्या उजव्या बाजूने झाले. टीव्हीवर ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि समोरची मुलगी तिच्या पुढून निघून गेली होती. तेच दृश्य त्यांनी तीन वेळा दाखवलं.

“झालं,” वाडीवाले अंकल म्हणाले. “आता समितीला पण काही विचार करायला नको.”

“लग्नाचं बघा आता,” बँकवाले अंकल बाबांना म्हणाले. टोमणा नव्हता, ते खरंच सांगत होते. “कॅनडातला कोणी असेल तर मी शब्द टाकतो.”

बाबांनी विळा खाली ठेवला.

“सर, तुम्ही का गप्प?” वाडीवाल्यांनी विचारलं. “तुमच्या हाताखालची आहे.”

सर इतके रविवार तिच्या बाजूने बोलत आले होते. मोठ्याने नाही, पण “पोरगी आहे चांगली”, “होईल ठीक” असं काहीतरी. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, “मी समितीत असतो तर नसती दिली.”

वाडीवाल्या अंकलनी कप खाली ठेवला.

“दम आहे तिच्यात,” सर म्हणाले. “ती दहा वर्षांची असल्यापासून मी तिला बघतोय. पण मन उडालंय. पगार सुरू झाला की काहींचं होतं असं. मन उडालेल्या खेळाडूला दोन वर्षं द्यायची म्हणजे तिच्या जागी जी मुलगी जीव तोडून खेळेल तिच्यावर अन्याय.”

बाबा खुर्चीतून उठले आणि आत गेले. आमच्याकडे माणसं बसलेली असताना घरचा माणूस असा उठून जात नाही. मी वळून बघितलं. ते स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि आई त्यांच्या पाठीवर हात ठेवत होती.

मी ट्रे खाली ठेवला.

“तिचा गुडघा फाटलाय,” मी म्हणाले.

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, माझा आवाज कसा आहे हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

“काय म्हणालीस बाय?” बँकवाल्या अंकलनी विचारलं.

“डाव्या गुडघ्यातली गादी फाटलीय. गोळ्या घेऊन खेळतेय. धावत नाही कारण धावता येत नाही तिला. मुदतवाढ मिळेपर्यंत लपवायचंय.” एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. “आणि पेनल्टी कॉर्नरला ती अजून धावते. ते तुम्ही कोणी बघितलंच नाही.”

आई दारात येऊन उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

सर म्हणाले, “परत लाव.”

मी सामना पुन्हा पहिल्यापासून लावला. तोच सामना, तीच हार. पण आता ते तिघं दुसरंच काहीतरी बघत होते. ती जागेवर उभी राहिली की सर म्हणायचे, “बघ, आधीच जाऊन वाट अडवलीय.” समोरची मुलगी निघून गेली की बँकवाले अंकल म्हणायचे, “दुसऱ्या हाफने यायला हवं होतं ना. ही एकटी कुठे कुठे पुरणार?” पहिला पेनल्टी कॉर्नर आला, ताई सुटली, चेंडू तिच्या नडगीवर आदळून बाहेर गेला, आणि वाडीवाले अंकल रुमालाने डोळे पुसायला लागले.

“दोन वर्षं काय,” ते म्हणाले, “हिला कायमची करा.”

ते निघाले तेव्हा मी पायरीपर्यंत गेले. समितीची बैठक होईपर्यंत हे कोणालाही कळता कामा नये, असं सांगितलं. दोन वेळा सांगितलं.

“आमच्या पोटातून बाहेर येणार नाही,” बँकवाले अंकल म्हणाले. “घरी बायकोला पण नाही.”

त्यांनी शब्द पाळला. घरी सांगितलं नाही, नाक्यावर सांगितलं नाही, गावच्या ग्रुपवर टाकलं नाही. हे मी नंतर खात्री करून घेतलं. तो आठवडा मी हलकी होते. ऑफिसात जेवताना मी एका मुलीला स्वतःहून विचारलं की तिने डब्यात काय आणलंय. बाबांनी ताईच्या एका जुन्या सामन्याचा फोटो कपाटातून काढून टीव्हीजवळ ठेवला. आईची जेवणाआधीची प्रार्थना लांबली.

पुढच्या रविवारी आई, बाबा आणि मी चर्चमध्ये नेहमीच्या बाकावर होतो. मिस्सा सुरू होण्याआधी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, एक बाई माइकवरून त्या दिवसाचे हेतू वाचतात. कोणी कशासाठी मिस्सा ठेवली आहे ते. अमक्याच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून, त्याच्या मुलांकडून. अमक्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून, आभारासाठी. घराचं काम पूर्ण झालं म्हणून. मी त्या यादीकडे कधी लक्ष देत नाही. मग मला बाबांचं नाव ऐकू आलं. आणि त्याच्या आधी ताईचं.

“आपल्या धर्मग्रामातील हॉकीपटू,” बाईंनी वाचलं, “हिच्या डाव्या गुडघ्याला पूर्ण आराम पडावा आणि तिला नोकरीत मुदतवाढ मिळावी म्हणून, तीन हॉकीप्रेमींकडून.”

लोकांनी आमच्याकडे वळून मायेने बघितलं. आईने माझा हात धरला. मी वर खांबाकडे बघत होते. तिथे कॅमेरा आहे. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांना घरी बसून मिस्सा बघता यावी म्हणून तो लावला आहे. आखातात आणि कॅनडात गेलेली आमची माणसंही त्यावरच बघतात. कॅमेऱ्याचा बारीक लाल दिवा चालू होता.

मिस्सा संपल्यावर वाडीवाले अंकल दाराशीच उभे होते, नवीन शर्टात. खूश दिसत होते.

“अंकल, तुम्ही कोणाला सांगणार नव्हता,” मी म्हणाले.

“कोणाला सांगितलं?” त्यांना खरंच कळेना. “देवाला सांगितलं.”

मी त्यांना काय समजावणार होते? आमच्याकडे असंच असतं. व्हिसाचं, परीक्षेचं, पोटातल्या गाठीचं आम्ही शेजाऱ्याला सांगत नाही, पण मिस्सेत वाचून घेतो, नाव-गावासकट, कारण देवाला माणूस नीट कळायला हवा. बाकावर बसलेल्या चारपाचशे लोकांनी ते ऐकलं, असं आमच्यात कोणी धरतच नाही. मीही त्या दिवसापर्यंत धरलं नव्हतं.

दुपारी मी पुन्हा चर्चकडे गेले. तो व्हिडिओ काढून टाकायला सांगायचं ठरवलं होतं, निदान सुरुवातीचा भाग. ऑफिसच्या दारापर्यंत पोहोचले. आत फादर एका जोडप्याशी बाप्तिस्म्याच्या दाखल्याबद्दल बोलत होते. काय बोलायचं ते मी मनात तयार केलं, मोडलं, परत तयार केलं. काढा म्हटलं की फादर का विचारणार. का सांगितलं तर त्यांनाही सगळं सांगावं लागणार, आणि मी आधीच एकदा सांगून बसले होते. ते जोडपं काही उठेना. मी पंधरा मिनिटं थांबले आणि घरी आले. स्वतःला सांगितलं, चर्चचा व्हिडिओ हॉकीवाले कशाला बघतील.

हॉकीवाल्यांनी नाहीच बघितला. आचोळ्याला आमच्याच गावच्या एक बाई राहतात. त्यांच्या सासूबाई अंथरुणावर आहेत, आणि त्या सासूसुना दर रविवारी गावची मिस्सा मोबाइलवर बघतात. त्या बाई ताईच्याच खात्याच्या मुंबईच्या ऑफिसात कामाला आहेत. सोमवारी त्यांनी मोठ्या आपुलकीने संघाच्या मॅनेजरना फोन केला, की आमच्या गावची मुलगी तुमच्याकडे आहे, गुडघ्याने बेजार आहे, गावात सगळे प्रार्थना करतायत, तिच्याकडे जरा लक्ष द्या.

मॅनेजरनी लक्ष दिलं. मंगळवारी ताईला खात्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. उरलेले सामने ती खेळली नाही. समितीची बैठक ठरल्या दिवशी झाली आणि तिला एक पानाचं पत्र मिळालं. वैद्यकीय कारणांमुळे कराराची मुदत वाढवता येत नाही. आजवरच्या योगदानाबद्दल आभार.

त्या मंगळवारपासून पत्र येईपर्यंत तिचा मला फोन आला नव्हता. मीही केला नाही. पत्र आलं त्या संध्याकाळी तिने केला आणि सरळ विचारलं.

“कोणाला सांगितलंस?”

मी सगळं सांगितलं. ओटा, सर, बाबांचं उठून जाणं, मिस्सा. चर्चच्या ऑफिसच्या दारातून परत आले तेही. मागे होस्टेलच्या मुलींचा आवाज येत होता, कोणीतरी बादली मागत होतं.

“ते म्हणत होते की तू आळशी झालीस,” मी म्हणाले. “सर म्हणाले तुझं मन उडालंय. मला ऐकवेना.”

“मग म्हणू द्यायचं ना,” ताई म्हणाली.

मला समजलं नाही.

“मीच दाखवत होते तसं,” ती म्हणाली. “प्रशिक्षक पण म्हणत होता, आळशी झालीस. मी दर वेळी सॉरी म्हणत होते. आळशी खेळाडूला ओरडतात, दंड करतात, पण एक संधी देतात. दुखापतवालीला देत नाहीत. त्याने शेवटच्या आठवड्यात मला म्हटलं होतं की तुझं नाव दिलंय, आता तरी जागी हो. नाव दिलं होतं त्याने. सरांना आळशी वाटले म्हणजे मी बरोबर करत होते.”

मी सॉरी म्हणाले. तिने फोन ठेवला.

ती घरी आली तेव्हा रिक्षातून आधी किटबॅग उतरवली, मग स्टिकची पिशवी, मग गुडघ्याला पट्टा बांधलेला पाय. बाबा घ्यायला पुढे झाले, तर तिने त्यांच्या हाती स्टिकची पिशवी दिली, बॅग स्वतः घेतली.

त्या रविवारी तिघं आले. वाडीवाल्या अंकलनी वेलची केळ्यांचा घड आणला होता, सगळ्यात चांगला. बँकवाल्या अंकलनी ओळखीच्या एका हाडांच्या डॉक्टरचं नाव कागदावर लिहून आणलं होतं. ते दोघे खात्यावर फार चिडले होते. दोन वर्षं द्यायलाच हवी होती, असा खेळाडू परत मिळत नाही, समितीत बसलेल्यांनी कधी स्टिक तरी धरली आहे का, असं बराच वेळ चाललं. ताई पाय स्टुलावर ठेवून ऐकत होती.

“देवाने ऐकलं नाही या वेळी,” वाडीवाले अंकल तिला म्हणाले. “पण आपण सोडायचं नाही. आणखी एक मिस्सा ठेवतो.”

“ठेवा अंकल,” ताई म्हणाली.

मी कप धुवायला मागे गेले तेव्हा सर मागून आले आणि विहिरीपाशी उभे राहिले.

“त्या मिस्सेमुळे झालं का बाय?”

मला हो म्हणता आलं असतं. त्यांच्या वयाच्या माणसाने एवढं स्पष्ट विचारल्यावर खरं सांगायला हवं होतं. पण ताईच्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिली होती.

“नाही सर,” मी म्हणाले. “डॉक्टरांच्या तपासणीत कळलंच असतं.”

ते “बरं” म्हणाले आणि मागच्या वाटेनेच गेले. ओट्यावरच्या दोघांचा निरोपही घेतला नाही. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत, अजून येत नाहीत. बाकीचे दोघे येतात. त्यांना वाटतं सरांची तब्येत बरी नाही.

मी सरांशी काय बोलले ते ताईने खिडकीतून ऐकलं होतं. मी आत गेले तेव्हा ती म्हणाली, “आता बरं गप्प बसता येतं तुला.”

तिचं ऑपरेशन वसईतच पुढच्या महिन्यात आहे. नंतर सहा महिने, मग अठ्ठावीस वर्षं पूर्ण. त्या वयाच्या, ऑपरेशन झालेल्या राइट हाफला कोणी करार देत नाही. बँकवाले अंकल देतील म्हणतात, आणि वाडीवाले अंकल त्यांच्याशी पहिल्यांदाच सहमत असतात. ताई त्यांना खोडून काढत नाही. तिने एका शाळेत पीटीच्या जागेसाठी विचारलं. पदवी मागितली.

ती माझ्याशी बोलते, पण आता फक्त बोलीतच, आईसमोर बोलावं तसं. मीठ दे, पंखा लाव, माझी गोळी कुठे आहे. परवा दुपारी घरात कोणी नव्हतं. मी ऑफिसला सुट्टी टाकली होती. ती छताकडे बघत पडली होती आणि तिने विचारलं, “मी आता काय करू?”

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून मला विचारलं होतं. मी पलंगाजवळ बसले. तोंड उघडलं. शिक्षण पूर्ण कर, असं म्हणावं असं वाटलं, मग वाटलं की ते तिला माहीत आहे. बराच वेळ मी तशीच बसले. तीही उत्तराची वाट बघत होती, की थांबली होती बघायची, ते मला कळलं नाही.